माझी सही आणि कडुबांचे दात

दिवाळीत कुणाकडं फराळाला गेलं आणि एखादा पाहुणा चिवड्याचा पहिला घास घेऊन "मीठ विसरलात का वहिनी?" म्हणाला, की मी लगेच वहिनींची वकिली सुरू करते. पाहुण्याला विचारते, "हिरड्यांसाठी गुळण्यांचं औषध चालू आहे का तुमचं?" बहुतेक वेळा तसं काही नसतं, चिवडा खरंच अळणी असतो आणि मी तोंडघशी पडते. पण एकदा आमच्या गारखेड्यातच, समोरच्या बिल्डिंगमध्ये, एक जावईबापू चपापले. "दाढ काढलीय. आठ दिवस गुळण्या करतोय. तुम्हाला कसं कळलं?" सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मला चकल्यांचा डबा भरून दिला. आमचे हे म्हणाले, "एवढ्या वर्षांच्या नोकरीत तुला मिळालेला हा पहिला खरा बोनस."

यांची जीभ ही अशी. पण बोनसचं खोटं नाही.

मी एकतीस वर्षं चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, गुळण्यांचं औषध बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत काढली. नाव लिहीत नाही, अजून तिथल्या मुली सणासुदीला फोन करतात. बी.एस्सी. झाले आणि प्रयोगशाळेत लागले. आमच्या खात्याला क्यूसी म्हणतात, क्वालिटी कंट्रोल. क्यूसी म्हणजे घरातली खाष्ट सासू. प्रॉडक्शनवाल्यांनी रांधायचं आणि आम्ही नाक मुरडायचं. आमच्या सहीशिवाय एक बाटली गेटबाहेर जात नसे. माझ्या वडिलांना याचं केवढं कौतुक! दर रविवारी विहारात वंदना झाली की चपला शोधता शोधता ते कुणालातरी धरायचे आणि सांगायचे, "माझ्या सुजाताच्या सहीबिगर तिथं माल हालत नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि आवडायचंही, खोटं कशाला बोलू? हा सगळा लेख त्या सहीबद्दलच आहे.

आता औषधाबद्दल थोडं. नाव क्लोरहेक्सिडीन. घाबरू नका, इंटरव्ह्यूत मीही अडखळले होते. आमच्याकडं ते ड्रममधून यायचं, जरा दाटसर, फिकट पिवळं. मूळ पदार्थ पाण्यात विरघळायला तयारच नसतो. ग्लुकोजपासून केलेल्या एका आम्लाशी त्याची जोडी लावून दिली, की मग निमूट विरघळतो. बाटलीत तो असतो तरी किती? शंभर थेंबांत एका थेंबाचा पाचवा हिस्सा. बाकी पाणी, पुदिन्याचा वास, थोडी गोडी आणि गुलाबी रंग. गोडी घालावीच लागते. एकदा मी हात नीट न धुता डबा खायला बसले, तर संध्याकाळपर्यंत पोळीसुद्धा कडू लागत होती.

त्याचा सगळा स्वभाव एका गोष्टीत आहे. त्याच्या रेणूच्या दोन्ही अंगांना धन विद्युतभार असतो. आपल्या तोंडातल्या जंतूंची कातडी ऋण भाराची, दातावरचा थर ऋण भाराचा, गालाची आतली बाजूही तशीच. त्यामुळं हा गेला तिथं चिकटला. जंतूला चिकटला की त्याची कातडी फाडतो, आतला माल बाहेर गळतो, जंतू खलास. दाताला आणि गालाला चिकटतो तो मात्र नुसता बसून राहतो आणि तासन् तास थोडा थोडा सुटत राहतो. म्हणून दिवसातून दोनदा गुळणी पुरते. बाकीची औषधं थुंकली की संपली. हा मुक्कामाला येतो.

आणि मुक्कामाला येणारा पाहुणा त्रासही देतोच. टूथपेस्टचा फेस ऋण भाराचा असतो. घासून लगेच गुळणी केली तर हे दोघं एकमेकांतच गुंततात आणि औषध वाया जातं. म्हणून मध्ये अर्धा तास जाऊ द्यायचा. याच्यामुळं जिभेला मीठ नीट कळेनासं होतं. ते जावईबापू आठवा. शिवाय चहातल्या तुरट पदार्थाशी तर याची भलतीच दोस्ती. दातावर हा आधीच बसलेला, त्यात वरून कोरा चहा आला की त्यालाही शेजारी बसवून घेतो. दोन-तीन आठवड्यांत दात तपकिरी. दात किडत नाहीत, झिजत नाहीत, दाताच्या डॉक्टरांनी पॉलिश केलं की डाग निघून जातो. पण तोवर बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस गुटखा खातो.

याच्या चिकटपणाची धडकी मला पहिल्यांदा टाकीपाशी भरली. एका उन्हाळ्यात शुद्ध पाण्याचं यंत्र बंद पडलं आणि प्रॉडक्शनच्या एका दीडशहाण्यानं टाकीला बोअरचं पाणी लावलं. आमच्याकडचं बोअरचं पाणी तुम्हाला माहीतच आहे, बादलीला पांढरे थर चढतात. पाण्यातल्या क्षारांना औषध जाऊन भिडलं आणि अख्खी टाकी ताकासारखी पांढरी झाली. मी बॅच नापास केली. तो म्हणाला, "मॅडम, गाळून घेऊ की!" म्हटलं, "गाळा. औषध फडक्यात राहील आणि बाटलीत पुदिन्याचं सरबत भरा." मोठे साहेब आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण मी माझ्या सहीवर भारी खूश होते. बाटली गेटबाहेर गेल्यावर तिचं काय होतं, ते माझ्या कुठल्या फाईलमध्ये नव्हतं.

गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तर देणंही आमच्याच गळ्यात. एका आजोबांनी महिनाभर गुळणी न थुंकता रोज झाकणभर पिऊन "खोकला थांबला नाही" असं कळवलं होतं. त्यांना मी घाबरून स्वतः फोन केला, तर म्हणाले, "पण चव चांगली आहे, पोरी." एका गृहस्थांना फेस येत नाही म्हणजे माल बनावट वाटला. बहुतेकांसाठी कॉम्प्युटरवर एक इंग्रजी पत्र तयारच होतं. नाव बदलायचं, बॅच नंबर बदलायचा, सही ठोकायची.

सिल्लोडहून एक तक्रार आली ती याच रगाड्यात. रेघांच्या कागदावर मराठीत, कुणाकडून तरी लिहून घेतलेली. "आपल्या औषधाने माझे दात काळे झाले. घरात इज्जत गेली. कारण कळवावे." खाली नाव, कडुबा. बॅच नंबर मात्र बरोबर दिलेला. प्रत्येक बॅचच्या काही बाटल्या आम्ही कपाटात राखून ठेवतो, राखीव नमुना म्हणतात त्याला. त्यातली एक काढली. ठरलेले द्रव घातल्यावर औषध अस्सल असेल तर गर्द लाल रंग येतो. झक्क लाल आला. बाकीच्या तपासण्याही पास. डाग पडतो ही सूचना लेबलवर होतीच. ते लेबल छापायच्या आधी मीच तपासलं होतं, पट्टी ठेवून ओळ न् ओळ. पुदिन्याच्या पानाचं चित्र मोठं करताना मार्केटिंगनं ती सूचना तळाशी ढकलली होती, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत. पण शब्द सगळे होते, स्पेलिंग बरोबर होतं. मी पास केलं होतं. कडुबांना तेच इंग्रजी पत्र गेलं: माल सर्व कसोट्यांना उतरतो, कोणताही दोष आढळला नाही, कृपया लेबल पाहावे. खाली माझी सही.

महिनाभरानं एका सकाळी गेटवरून वॉचमनचा फोन. "मॅडम, सिल्लोडचे एक काका आलेत. पिशवीत नुसत्या रिकाम्या बाटल्या हायेत. जा म्हणलं तर जाईनात."

गेटजवळच्या बाकावर एक पन्नाशीचा किरकोळ माणूस बसला होता. पांढरा शर्ट, खांद्यावर उपरणं, पायाशी पिशवी. मला बघून उठला, रामराम घातला. तोंड अर्धंच उघडत होतं, शब्द दाबून दाबून बाहेर येत होते. आणि त्या फटीतून दिसले ते दात. काळपट तपकिरी, हिरडीजवळ तर डांबर लावल्यासारखे.

एकतीस वर्षं ज्या रेणूवर मी पोट भरलं, तो त्या क्षणी मला आठवायला नको का? नाही आठवला. मी काय बोलले तेही जसंच्या तसं लिहिते.

"काका, खरं सांगा. खाता ना तुम्ही?"

ते चिडले नाहीत. खाली बसले आणि स्वतःशीच मान हलवली. "घ्या. तुमी बी तेच!"

मग त्यांनी सगळं सांगितलं. कडुबा सिल्लोडच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायच्या कामावर होते. मिसरूड फुटल्यापासून गुटखा. बंदी आली, पुडी काही थांबली नाही. मग तोंड मिटायला लागलं. घास जाईना. शहरात येऊन मोठ्या दवाखान्यात दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले, चांगल्या माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात, तुमच्या दोनच जातात. आज सोडा, नाहीतर पुढं कॅन्सर.

"सोडला मॅडम. त्याच दिवशी सोडला. माझी पोरगी शीतल, बारावीला हाय, सायन्सला. ती रोज सकाळी कॉलेजात जायच्या आधी माझ्या म्होरं हुबी राहायची. म्हणायची, आबा, आ करा. आन सोताची बोटं घालून बघायची. दोन जात्यात का, तिसरं कवा जातंय. लई जीव लावला पोरीनं."

"मग?"

"डाक्टरनं हिरड्यांसाठी तुमचं हे गुलाबी औषध दिलं. पंधरा रोज करा म्हणले व्हते. मी चार महिने केलं. आता काय सांगू तुमाला, पुडी सुटली ना, तर तोंडाला कायतरी चणचणीत लागायला पाहिजे. ह्ये बरं लागायचं. सकाळी, दुपारी, रातच्याला."

"आणि त्यावर काय घेता?"

"कडू लई हाय ना ते. मंग वरून कोरा चहा मारतो, गूळ घालून. जिनिंगवर किटलीच असती."

आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, "काका, भाजीत मीठ लागतं का तुम्हाला?"

ते टकामका बघायला लागले. "तुमाला कुणी सांगितलं? रोज भांडण हाय त्याच्यावरून. बायको म्हणती, मीठ घालून घालून डबा संपला, तरी तुमाला अळणीच!"

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. काय झालं होतं ते आता सगळं दिसत होतं. या माणसानं जन्माची सवय एका दिवसात तोडली, औषध सांगितल्यापेक्षा जास्त इमानानं घेतलं, आणि जितका इमानानं वागला तितके त्याचे दात गुन्हेगारासारखे होत गेले. घरच्यांना वाटलं, चोरून खातोय. शीतल बोलायची बंद झाली. सकाळचं "आ करा" बंद झालं.

"मी माझी बोटं घालून बघतो," ते म्हणाले आणि हात पुढं केला. गाठींच्या पट्ट्या ओढून ओढून जाड झालेली, भेगाळलेली बोटं. "ह्यातलं एक गेलं तरी तोंड भरतं. माझं मला काय कळणार, उघडतंय का मिटतंय?"

मग त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला. माझं पत्र. "ह्ये तेवढं वाचून सांगा. शीतलनं वाचलं. म्हणली, आबा, कंपनी म्हणतीय औषधात खोट नाय. म्हंजे खोट माझ्यातच हाय ना मॅडम?"

पत्रातलं अक्षर न् अक्षर खरं होतं आणि त्याच खऱ्या अक्षरांनी एका निर्दोष माणसाला त्याच्या लेकीपुढं खोटं पाडलं होतं. त्याच्या पत्राला मराठीत चार ओळी लिहिल्या असत्या तर काय हात मोडला असता माझा? कोरा चहा घेता का, एवढं विचारलं असतं तर? मला स्वतःचीच शिसारी आली.

शेवटी त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात हात घातला आणि गुटख्याची एक पुडी बाकावर ठेवली. न फोडलेली. "आज सकाळी स्टँडवर घेतली. सोडून बी खाल्ल्यावानीच हाय, तर मंग खातो की! तुमी काय सांगता ते ऐकतो आन ठरवतो."

मी पुडी मागितली. देईनात. म्हणाले, माझ्यापाशी राहू द्या. मग मला माझ्या खात्याचीच रीत सुचली. आत जाऊन नमुन्यांचं जाड पाकीट आणलं, पुडी त्यात घातली, पाकीट चिकटवलं, तोंडावर कागदी सील लावलं, तारीख घातली, मी सही केली आणि त्यांचीही घेतली. म्हटलं, "हा राखीव नमुना. राहू दे तुमच्याच खिशात. मी येईपर्यंत सील तुटता कामा नये." त्यांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. मग घडी न घालता खिशात ठेवलं.

तिथूनच, त्यांच्या मोबाइलवरून, मी शीतलला फोन लावला. सगळं समजावून सांगितलं, धन भार, ऋण भार, चहा, मीठ. बारावी सायन्सची पोरगी, तिला कळत होतं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, त्या पत्रावर तुमचीच सही आहे ना? मग तेव्हा खरं बोलत होता का आता?"

मी परत चहापासून सांगायला लागले.

"आबा गोड बोलतात, मॅडम. आधी पण तीनदा सोडला होता त्यांनी. तुम्हाला पण पटवलं असेल."

मी म्हटलं, डॉक्टरांकडून दात साफ करून घेऊ, सगळा डाग निघेल. तर म्हणाली, "गुटख्याचा डाग पण निघतोच ना साफ केल्यावर? त्यानं काय सिद्ध होतं?" आणि फोन ठेवला. राग आला, पण मुद्दा बिनतोड होता. ही मुलगी क्यूसीत हवी, असंही मनात येऊन गेलं.

मार्केटिंगच्या साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तक्रारदाराला भेटायचंच कशाला? लेबलवर सूचना आहे, विषय संपला." त्यांच्याशी पुढं त्या सूचनेवरून झालेली भांडणं लिहायला बसले तर हा अंक पुरणार नाही. एवढंच सांगते, की बाटलीच्या डब्यात मराठी चिठ्ठी घालायला त्यांना मी भाग पाडलं. वर्षभर चिठ्ठी निघाली. मग खर्च वाचवायला बंद झाली, आणि तोवर मीही दमले होते. तेव्हा अजून भांडायला हवं होतं, हे आता घरी बसून कळतं.

पण त्या दिवशी प्रश्न चिठ्ठीचा नव्हता. तीन-चार दिवस डोकं खाजवलं. काचपट्ट्यांवर डाग पाडून दाखवता आला असता, पण त्याला शीतल म्हणाली असती, काचेवर काहीही होतं. तिला माणसाचा दात हवा होता. असा दात, ज्याला उभ्या जन्मात तंबाखू शिवलेली नाही. आरशासमोर तोंड धुताना तो मला सापडला.

त्या रात्रीपासून मी आमचंच औषध सुरू केलं. सकाळी, दुपारी, रात्री, आणि प्रत्येक गुळणीवर गूळ घातलेला कोरा चहा. आमच्या कॉलनीतल्या डेंटिस्टबाईंना सांगितलं तर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "वेड लागलंय तुला. अपाय काही होणार नाही, पण लग्नसराई आहे, फोटोत हसू नकोस." दोन दिवसांत भाजी अळणी लागायला लागली. आठवड्यानं जीभ खरखरीत झाली. दुसऱ्या आठवड्यात दातांच्या फटी भरायला लागल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात माझं तोंड बघण्यासारखं झालं. न बघण्यासारखं म्हणा.

हे मला सांगायलाच हवं, की माझी सासू मशेरी लावायची आणि त्यावरून मी तिला आयुष्यभर टोचून बोलले. आता विहारातल्या एका कार्यक्रमात माझी मावससासू, सगळ्या बायकांत, मोठ्यानं म्हणाली, "काय गं सुजाता, सासू गेल्यावर तिची डबी तू घेतली व्हय?" सगळ्या हसल्या. मी समजावायला लागले, औषध, चहा, भार. त्या मान डोलवत होत्या आणि एकमेकींना डोळे मारत होत्या. बसमध्ये शेजारची बाई सरकून बसली. प्रयोगशाळेतल्या मुली माझ्याशी बोलताना खाली बघायच्या. मी खरं बोलतेय आणि समोरच्याला ते खोटं वाटतंय, हे कडुबांनी चार महिने सोसलं होतं. मला तीन आठवड्यांत रडू फुटलं. यांनी तेवढं एकदाही चिडवलं नाही. रोज सकाळी मुकाट कोरा चहा करून समोर ठेवत होते.

तिसरा आठवडा संपला त्या रविवारी आम्ही दोघं सिल्लोडला गेलो. कडुबांचं घर जिनिंगच्या मागच्या वस्तीत, दोन खोल्या, पुढं पत्रा. कडुबा दारातच उभे होते. बायको इंदूबाई पदर सावरत बाहेर आल्या. शीतल आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती. उंच, शिडशिडीत, घट्ट वेणी. तिनं मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं रीतसर, आणि परत पुस्तकात डोकं घातलं.

कडुबांनी खिशातून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. घामानं मऊ पडलं होतं, कोपरे झिजले होते. सील जसंच्या तसं. मी ते शीतलपुढं धरलं. तिनं एक नजर टाकली. "दुसरी पुडी घेता येते की, मॅडम."

"येते," मी म्हटलं. "तुझं बरोबर आहे. हे सोड. माझ्याकडं बघ."

आणि मी हसले. एवढा वेळ ओठ मिटून बोलत होते, आता चांगलं दात विचकून हसले, खालचे-वरचे सगळे.

शीतल दचकली. पुस्तक मिटलं. पुढं येऊन माझ्या तोंडाकडं बघितलं, मग तिच्या वडिलांच्या तोंडाकडं, परत माझ्या. तोच रंग, हिरडीजवळ तोच काळा काठ. अगदी हळू, अदबीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही पण खाता का?"

"नाही गं बाई. कधीच नाही. तीन आठवडे तुझ्या आबांचं औषध घेतलं आणि तुझ्या आबांचा चहा प्यायले. विचार यांना." आमचे हे पुढं सरसावले आणि म्हणाले, "तीन आठवडे मी कोरा चहा उकळतोय, पोरी. गूळ संपला घरातला."

ते पत्र तिनं आबांकडून घेऊन पुस्तकातच ठेवलेलं होतं. मी मागून घेतलं. माझ्या सहीच्या खाली, पेननं, मराठीत लिहिलं: दात औषधानं आणि चहानं काळे झालेत, यात यांचा काही दोष नाही, हे मी आधी सांगायला हवं होतं, माझी चूक झाली. आणि परत सही केली.

शीतलनं ते वाचलं. मग कुणाकडंच न बघता बोलायला लागली. "मी रोज त्यांच्या शर्टाचा वास घ्यायची. धुवायला टाकायच्या आधी. खिसे उलटे करून बघायची. कधीच वास आला नाही. एकदा पण नाही आला. तरी मी दातच खरे धरले."

इंदूबाईंनी डोळ्याला पदर लावला. कडुबा दारातच उभे, हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. "असू दे गं," एवढंच म्हणाले. "तुजी काय चूक. मी बी तीनदा फसवलंच हुतं की."

शीतल मोरीकडं गेली. साबणानं हात धुतले, बोटं एकेक करून चोळली, ओढणीला पुसली आणि वडिलांच्या पुढं येऊन उभी राहिली.

"आबा, आ करा."

कडुबांनी तोंड उघडलं. जेवढं उघडत होतं तेवढं. तिनं दोन बोटं उभी करून दातांमध्ये सरकवली. गेली. तिसरं लावून बघितलं, थोडं रेटलं. कडुबांचे डोळे घट्ट मिटलेले, पापण्यांतून पाणी गालावर आलेलं, पण त्यांनी तोंड मिटलं नाही. तिसरं गेलं नाही.

"दोनच," शीतल म्हणाली. "उद्या सकाळी परत बघू."